गाण्याखालचा आवाज

रविवारी सकाळी दादाला फोन केला, तेव्हा त्याच्या मागे गाणं वाजत होतं. झालं एवढंच. कुणाला सांगायला जावं तर म्हणतील, मग काय झालं? नवराही तेच म्हणाला. "श्रावण आहे, पेण आहे, गणपतींचा हंगाम आहे आणि गाणं वाजतंय. यात तुला घाम फुटण्यासारखं काय आहे?" तो पेपर वाचत होता आणि माझ्याकडे न बघता बोलत होता. मी फोन हातात धरून ओट्याशी उभी राहिले आणि गॅसवरचं दूध उतू गेलं.

दादाच्या कारखान्यात गाणं वाजत नाही, हे माझ्या नवऱ्याला बावीस वर्षांच्या संसारात कळलेलं नाही. जावई माणूस, पेणला गेला की बाहेरच्या खोलीत बसतो, पोहे खातो, मूर्ती बघून "वा वा" करतो आणि परत रोह्याला येतो. पण मला ठाऊक आहे. दादा आखणी करतो. आखणी म्हणजे गणपतीचे डोळे काढणं. मूर्ती साच्यातून निघते, घासून गुळगुळीत होते, अंगाला रंग चढतो, पीतांबर होतं, दागिने होतात, आणि इतकं सगळं होऊनही ती नुसती मूर्तीच असते. मग शेवटी आखणीवाला बसतो. शून्य नंबरचा ब्रश, काळा रंग आणि रोखून धरलेला श्वास. भुवई, वरची पापणी, बुबुळ, आणि बुबुळात पांढरा ठिपका. तो ठिपका पडला की समोरचा माणूस नकळत हात जोडतो. दादा हे काम गप्प राहून करतो, आणि त्याच्या धाकाने शेडमधल्या आठ-दहा बायकाही गप्प असतात. रेडिओ नाही, टेप नाही, मोबाइलवरचं काही नाही. गेली तीस वर्षं हा नियम आहे.

आणि त्या दिवशी फोनमध्ये झांजा वाजत होत्या, इतक्या जोरात की दादाला ओरडून बोलावं लागत होतं. "काय नाय गो, जरा मन रमतं," तो म्हणाला. मी विचारलंही नव्हतं.

फोनवर हात दिसत नाही, पण मला त्याचा हात दिसायला लागला. बाबांचा गेला तसा दादाचा हात जायला लागला असेल तर? आणि बाबांनी लपवलं तसं तोही लपवत असेल तर? दादानंतर त्या कारखान्यात आखणी करणारं कुणी नाही. त्याचा मुलगा डोलवीला कंपनीत कंत्राटावर आहे, शिफ्टमध्ये जातो-येतो, त्याला ब्रश कसा धरतात तेही माहीत नाही. दादा म्हणजे त्याचा हात, याच्यापलीकडे दादाचं वेगळं असं काही नाही. ही एक भीती घेऊन मी पुढचा अख्खा आठवडा काढला.

नेमकं त्याच आठवड्यात माझ्या लेकीला, मुग्धाला, घरातल्या सगळ्यांच्या आवडीची गाणी गोळा करायची होती. गणपतीत पेणला जाताना गाडीत लावायला. प्रत्येकाने पाच गाणी द्यायची असा तिचा हुकूम. नवऱ्याने पाचाच्या जागी पंचवीस दिली आणि प्रत्येकामागची गोष्टही ऐकवली: हे कॉलेजात असताना, हे पहिल्या नोकरीला लागलो तेव्हा, हे तुझ्या आईला बघायला गेलो त्या दिवशी बसमध्ये लागलं होतं. सासूबाईंनी आरत्याच सांगितल्या, म्हणजे फसायला नको.

"आणि तुझी, आई?"

"काहीही लाव. फक्त हळू लाव."

"हळू हे गाणं नसतं गं," मुग्धा म्हणाली आणि माझ्या नावापुढे तिने रेघ मारली.

घरात मी अशीच ओळखली जाते. आईला गाणं आवडत नाही, आईचा कान बेसूर. मीही ते मान्य करून टाकलंय, कारण खरं काय ते सांगत बसण्यापेक्षा हे सोपं पडतं. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या वहिनी मला इथल्या हॉलमध्ये जलतरंगाच्या कार्यक्रमाला घेऊन गेल्या. पाणी भरलेले चिनी मातीचे वाडगे अर्धगोलात मांडलेले, आणि वाजवणारे गृहस्थ दोन बारीक काड्यांनी त्यांच्या कडांवर वाजवत होते. लोक माना डोलवत होते. चिनी मातीवर लाकडाची काडी, एकदा, दोनदा, मग घाईघाईने खूप वेळा. मी उठून बाहेर आले आणि चपलांच्या ढिगाशी उभी राहिले. वहिनींना वाटलं मला चक्कर आली. मी हो म्हटलं.

लोक म्हणतात, आवड ज्याची त्याची. मला वाटतं, आवड ही ज्याच्या त्याच्या वाट्याला काय आलं त्याची असते. नवऱ्याची पंचवीस गाणी म्हणजे त्याचे पंचवीस चांगले दिवस. माझ्या कानाने मात्र एकाच श्रावणात सगळं ठरवून टाकलं, काय नको ते आणि काय हवं तेही. कारण मला गाणं आवडतच नाही हे तसं खोटं आहे. एक आवडतं, पण ते कुठल्या मोबाइलवर मिळत नाही.

मी तेव्हा सातवीत होते. घराच्या मागे पत्र्याची शेड, तिलाच कारखाना म्हणायचं. शाळेतून आलं की दप्तर टाकायचं आणि शेडमध्ये पळायचं. त्या दिवसांत हवा इतकी दमट की रंग वाळता वाळत नसे, म्हणून मोठे पिवळे बल्ब दिवसासुद्धा चालू असायचे. त्यांच्या उबेला गणपती ओळीने बसलेले, अजून डोळे न आलेले. भिंतीला पाट टेकवलेले असायचे. नागपंचमीच्या आधीपासून लोक आपापल्या घरचा पाट आणून देत, मागे खडूने नाव लिहून. आपली मूर्ती आपल्याच पाटावर बसवून घ्यायची आणि चतुर्थीला पाटासकट घरी न्यायची. मला ते पाट वाचायला आवडायचं. पाटावरचं नाव वाचलं की कुठला गणपती कुणाच्या घरात, कुठल्या भिंतीशी बसणार ते डोळ्यांसमोर यायचं.

आई एका कोपऱ्यात दागिने सोनेरी करत बसायची, दादा साच्यातून मूर्ती काढायचा. दाराशी पार्वतीमावशी पॉलिश पेपरने कच्च्या मूर्ती घासायची. ती खाडीकडच्या गावातली. उन्हाळ्यात मिठागरावर काम करायची आणि पावसात मिठागर बंद पडलं की आमच्याकडे यायची. तिच्या पोटऱ्यांवर मिठाच्या जुन्या जखमांचे पांढरे डाग होते आणि आता केसांवर मूर्तींची पांढरी धूळ बसायची. ती गायची. लग्नघरात बायका म्हणतात ती गाणी, तिच्या आईकडून आलेली. पेटी नाही, ढोलकी नाही, नुसता आवाज. जाडसर, मधेच फाटणारा. ओळ संपली की ती सूर सोडून द्यायची नाही, भरलेली कळशी ठेवावी तसा खाली ठेवायची. माझ्या आवडीचं गाणं ते. आजही लॅबच्या कामात सुया लावता लावता, भाजी निवडता निवडता मी तेच मनात म्हणते, शब्द विसरून गेले तरी.

आणि माझ्याकडे टेप होता. म्हणजे टेप सांभाळायचं काम होतं. कॅसेट एकच, बाबांच्या भजनी मंडळाने देवळात भरलेली. पखवाज, झांजा, आणि दुसऱ्या भजनात कुणीतरी खोकल्याचा आवाज. तो खोकला कुठल्या ओळीनंतर येतो ते मला पाठ होतं, आणि तो आला की मी बाबांकडे बघून हसायची. बाबाही हसायचे, पण ब्रश उचलून.

बाबांच्या उजव्या हाताशी ब्रश धुवायला पाण्याचा कप असे, चिनी मातीचा, कान तुटलेला. एका दुपारी कॅसेटची बाजू संपली होती आणि पार्वतीमावशी पाणी प्यायला गेली होती. शेड शांत होती. बाबांनी ब्रश कपात घातला आणि त्याचा दांडा कडेला लागला. टिण्. ते काही विशेष नाही, लागतोच. पण मग तो पुन्हा लागला, पुन्हा लागला, आणि मग टिणटिणटिण असा थांबेचना. बाबांनी ब्रश बाहेर काढला आणि आपल्या हाताकडे बघितलं, ओळखीच्या माणसाचं नाव आठवू नये तसं. मग माझ्याकडे बघितलं.

"टेप लाव. आवाज वाढव गो जरा."

मी वाढवला.

दुसऱ्या दिवसापासून मला सांगावं लागलं नाही. बाबांचा हात कपाकडे वळला की माझी बोटं टेपच्या बटणावर जायची. झांजांचा भर आला की ब्रश धुवायचा, हे बाबाही शिकले आणि मीही. बाहेरच्या माणसाला वाटलं असतं, बापलेकीला भजनाचा काय नाद! मला वाटायचं, हे जगात फक्त आम्हा दोघांना माहीत आहे. बारा वर्षांच्या पोरीला एवढं मोठं गुपित मिळालं की ती आधी फुशारते. मग घाबरायला लागते. शाळेत गणिताच्या तासाला मला वाटायचं, आत्ता टेप कोण बघत असेल? आत्ता शांतता झाली असेल आणि आईला ऐकू गेलं असेल. मी घंटा झाल्यावर धावत घरी यायची. वाटेत कुठे थांबायची नाही, चिंचासुद्धा सोडल्या.

हंगाम पुढे सरकला तसं आवाजाखाली दुसरंही काही दिसायला लागलं. आखणी करताना बाबा करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवत, फुलपाखरू बसावं इतकी हलकी. आता ते ती दाबून धरायचे. गालावर डाग उठायचा. आई तो गाल परत रंगवायची आणि मूर्ती ओळीत नेऊन ठेवायची. ती दमट हवेला नावं ठेवायची. मीही ठेवायची.

चतुर्थीला मागच्या आळीतल्या कुमुदकाकूंकडे आम्ही दर्शनाला गेलो. त्यांचा गणपती दर वर्षी बाबांच्याच हातचा. काकू मूर्तीसमोर बसल्या होत्या, मग जरा डावीकडे सरकल्या, मग उजवीकडे. "बाप्पा यंदा माझ्याकडे बघत नाय गो," त्या आईला म्हणाल्या. मग उठून खोलीभर फिरल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन थांबल्या. "हा बघ, सापडला! हिकडे बघतोय. सगळं लक्ष माझ्या मोदकांवर हाय त्याचं." सगळे खूप हसले. काकूंच्या मनात काही नव्हतं. बाबाही हसले, हातावर प्रसाद घेतलेला होता तो खाल्ला, पाया पडले. घरी आले आणि सगळे ब्रश धुवून, पुसून, एका फडक्यात गुंडाळून ठेवून दिले. ते फडकं त्यांनी परत सोडलं नाही.

विसर्जनानंतर आई त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. मी बरोबर होते. डॉक्टर म्हणाले, "आधी यायला हवं होतं. गोळ्यांनी अजून काही वर्षं हात चालला असता." एवढं एकच वाक्य. ते कुणाला उद्देशून नव्हतं. मी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत उभी होते आणि मला वाटलं, खोलीतले सगळे माझ्याकडे बघतायत. मी जर आवाज वाढवला नसता तर महिनाभर आधी सगळ्यांना कळलं असतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही, दादाला तर नाहीच.

त्यानंतर बाबा चहा कपबशीतून प्यायले नाहीत. स्टीलचा पेला, तोही अर्धाच भरलेला. दोन वर्षं आखणीला बाहेरचा माणूस आणला, मग दादा बसला. बसला त्याच दिवशी त्याने टेप उचलून माळ्यावर टाकला. मला वाटलं, याला शांतता लागते. बरं वाटलं मला त्याचं. माझं लग्न होऊन मी रोह्याला आले, आणि पेणला कधी गेले की त्या गप्प शेडमध्ये जाऊन बसायची. पार्वतीमावशीही आता गात नव्हती. तेवढंच चुकल्यासारखं वाटायचं.

त्या आठवड्यात हे सगळं रोज येऊन उभं राहिलं. मी इथे एका लॅबमध्ये आहे, लोकांचं रक्त काढते. तुमचा हात हलका आहे, कळलंसुद्धा नाही, असं लोक म्हणतात, तेव्हा मला जरा बरं वाटतं. एरवी मला हातात फक्त शीर दिसते. त्या आठवड्यात मला नुसते हातच दिसले. उपाशीपोटी आलेले, म्हातारपणाने हलणारे, सुईला घाबरून थरथरणारे. एका आजोबांना मी विचारून बसले, "कधीपासून होतं असं?" त्यांनी हात मागे ओढला. "काय नाय, थंडी वाजते," म्हणाले. श्रावणातल्या उकाड्यात थंडी.

मग एकेक आठवायला लागलं. दर वर्षी पहिल्या मूर्तीचे डोळे झाले की दादा मला फोटो पाठवतो. यंदा आला नव्हता. मी विचारलं तर "येळ नाय गावला" म्हणाला. पूर्वी दोन ओळी लिहून पाठवायचा, आता बोलून पाठवतो. गेल्या दिवाळीत भाऊबीजेला त्याने ओवाळणी ताटात टाकली तेव्हा दुसरा हात मनगटाखाली धरला होता. मी तेव्हा त्याला हसले होते, मोठं दान सोडतोयस जसा, म्हणून. आता मला माझ्या हसण्याचीच लाज वाटायला लागली. नवरा म्हणाला, "तू आधी ठरवतेस आणि मग पुरावे गोळा करतेस." ते काही खोटं नाही. माझा स्वभावच तो. पण स्वभाव काळजीखोर आहे म्हणून काळजी खोटी ठरते असं थोडंच आहे?

पुढच्या रविवारी मी सकाळच्या एसटीने पेणला निघाले. मुग्धाला वाटलं, मी मामाकडे मोदकाचं तांदूळपीठ द्यायला चालले आहे. नागोठण्याच्या पुढे समोरून टेम्पो येत होते, ताडपत्रीखाली कागदात गुंडाळलेल्या मूर्ती. त्यांच्यातली कुठली दादाची असेल, तिचे डोळे कुठे बघत असतील, असलं काहीतरी डोक्यात चाललं होतं. काय बोलायचं तेही जुळवत होते. दादा, एकदा दाखवून घे. दादा, लपवू नकोस. दादा, माझं एक ऐकशील? सगळी वाक्यं मनात बरी वाटायची आणि ओठांवर आली की नाटकातली वाटायची.

आळीच्या तोंडालाच झांजा ऐकू आल्या.

वहिनी दारात आली. "काय गो वन्सं, न सांगता?" असं म्हणून तिने पिशवी घेतली. स्पीकर चांगला कमरेएवढा उंच होता, शेडच्या मधोमध. "हा कधी आणला?" मी विचारलं. "झालं महिनाभर. बायका कंटाळतात गप्प बसून," वहिनी म्हणाली. ती पिशवीतलं पीठ बघत होती, माझ्याकडे नाही. पार्वतीमावशी दाराशी होती. सत्तरी उलटली तिची, डोळ्यांना कमी दिसतं, पण हंगामात येऊन बसते आणि हाताला लागेल तेवढं घासते. तिने माझा आवाज ओळखून माझा हात धरला आणि काहीतरी बोलली. मला ऐकू आलं नाही.

दादा पाठमोरा बसला होता. खांदे जरा वर चढलेले. त्याच्या उजव्या हाताशी काचेचा ग्लास होता. त्याचा हात ग्लासाकडे गेला, आणि मी बघितलं, वहिनीने नुसती मान वळवली आणि एका पोरीने स्पीकरचं बटण वर केलं. झांजांचा भर नव्हता, काही नव्हतं. हात ग्लासाकडे गेला म्हणून.

मी जुळवलेलं एकही वाक्य बोलले नाही. पुढे झाले, त्या पोरीच्या बाजूने गेले आणि स्पीकरची पिन ओढून काढली.

शेडमध्ये एकदम शांत झालं. पॉलिश पेपर थांबले. आणि मग ते आलं. काचेवर लाकूड, बारीक, भराभर, थांबेचना. पस्तीस वर्षं ज्या आवाजापासून मी पळत होते तो मी उभी राहून ऐकला. दादाने ब्रश ग्लासातून काढला नाही. तसाच राहू दिला, सगळ्यांना ऐकू जाईपर्यंत.

"कळलं तुला," तो वळून न बघता म्हणाला.

"फोनवरच कळलं," मी म्हणाले. आणि मग जे कधी बोलले नव्हते ते तोंडातून गेलं. "दादा, बाबांच्या वेळी मी आवाज वाढवत होते. मला माहीत होतं. मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर..."

दादा वळला. त्याच्या तोंडावर राग नव्हता, नवल होतं. "तुला काय वाटतं, तुला एकटीला माहीत होतं?"

"आगो पोरी," पार्वतीमावशी दारातून म्हणाली, "तुझा टेप केवडा नि त्याचा आवाज केवडा! मी काय हौसेनं गात व्हते काय? मला गला तरी व्हता काय? तुझी आय मला डोल्यानं खूण करायची, की मी सुरू. तुझ्या बापाचा हात कपाला लागला, की माझं गाणं. सगल्यांना म्हायती व्हतं. त्यालाबी म्हायती व्हतं, आमाला म्हायती हाय म्हणून."

मी खाली बसले. माझ्या आवडीचं एकच गाणं होतं. जलतरंगापासून पळून मी ज्याच्याकडे जायची, सुई लावताना ज्याने माझा हात शांत राहतो, ते. तेही त्याच आवाजावर टाकलेलं पांघरूण होतं. मला नावडतं ते आणि मला आवडतं ते, दोन्ही एकाच कपाशेजारी जन्मलेलं. सगळ्यांनी मिळून बाबांना सांभाळलं होतं. आणि सगळ्यांनी मिळून त्यांना डॉक्टरकडे जाऊ दिलं नव्हतं. मला हलकं वाटायला हवं होतं, कारण दोष एकटीचा नव्हता. पण मला जास्तच भीती वाटली. इतकी माया असलेल्या माणसांनी हे केलं होतं, आणि आज पुन्हा तेच करत होती.

"मग तू तीस वर्षं इथे गाणं का नाही लावलंस?" मी दादाला विचारलं.

"ऐकू यावं म्हणून," तो म्हणाला. "तो आवाज आला, तर पहिल्या दिवशी मला ऐकू यायला पायजे. रोज कान लावून बसायचो. तीस वर्षं." त्याने ग्लासाकडे बघितलं. "आणि जेव्हा आला, तेव्हा हिला म्हटलं, स्पीकर घेऊन ये."

वहिनीने पदर तोंडाला लावला. भिंतीला लोकांचे पाट टेकवलेले होते आणि समोर सत्तर-ऐंशी मूर्ती अजून डोळ्यांवाचून. चतुर्थीला पंधरा दिवस उरले होते. यांचं काय करायचं ते मला माहीत नव्हतं आणि दादालाही नव्हतं. पण तो म्हणाला, "उद्या येतो रोह्याला. तुमच्या डॉक्टरांना विचारून ठेव." मग तो माझ्यासमोर येऊन उकिडवा बसला.

"तुझा हात दाखव बघू."

मी आठवडाभर सगळ्या गावाचे हात बघितले होते. माझा नाही. बाप त्याचा तसा माझाही होता, हे मला सुचलंच नव्हतं, किंवा मी सुचू दिलं नव्हतं. मी उजवा हात पुढे केला, बोटं पसरून. त्याने खालून आपला तळवा लावला आणि आम्ही दोघंही हातांकडे बघत राहिलो. थरथर होती. बारीक, पण होती.

"तुझी की माझी?" दादाने विचारलं.

"मला कळत नाही," मी म्हणाले.

शेडमध्ये बायका बसल्या होत्या, वहिनी होती, पार्वतीमावशी होती. सगळ्या आमच्याकडे बघत होत्या. या वेळी कुणी गायला लागलं नाही.